पायाखालचं आवर्तन

लूप पेडलबद्दल वाईट बोलायचा मला अधिकार आहे, कारण दोन हंगाम मी त्याच्यावरच जेवलो. गाव फुलंब्री तालुक्यातलं, राहायला मात्र गोव्यातल्या दिवाडी बेटावर. मांडवी नदीतलं हे बेट. रायबंदरहून फेरीबोटीने पलीकडे जायचं. संध्याकाळी गिटार, माइक आणि पेडल पाठीवर टाकून किनाऱ्यावरच्या एखाद्या शॅकमध्ये वाजवायचं आणि उघड्यावरचे स्पीकर रात्री दहाला बंद, म्हणून त्याआधी आवरायचं. इन्स्टावर हे फार सुंदर दिसतं. माड, सूर्यास्त, एकटा माणूस आणि त्याच्यातून निघणारा सहा जणांचा आवाज. रील मीही टाकल्या, लाइक मीही मोजले. पण मला बोलायचंय ते त्या सहा जणांच्या आवाजाबद्दल.

ज्यांनी हे पेडल हाताळलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: पायाने बटण दाबलं की ते रेकॉर्ड करायला लागतं, दुसऱ्यांदा दाबलं की तेवढाच तुकडा गोल गोल वाजायला लागतो. मग त्याच्यावर दुसरा थर, तिसरा, चौथा. आधी गिटारच्या लाकडावर थाप, मग बास, मग सूर, मग स्वतःच्याच आवाजाचा कोरस. दुसऱ्यांदा दाबताना पाय केसभर उशिरा पडला तर त्या तुकड्याला एक उचकी लागते आणि ती दर फेरीला लागत राहते. ऐकणाऱ्याला कळत नाही. वाजवणाऱ्याला दुसरं काही ऐकू येत नाही.

लाइव्ह लूपिंग काय करू शकतं हे बघायचं असेल तर केटी टन्स्टॉल बघा. २००४ मध्ये बीबीसीवर जूल्स हॉलंडच्या कार्यक्रमात एक मोठा रॅपर ऐनवेळी येऊ शकला नाही, म्हणून ही फारशी कुणाला माहीत नसलेली स्कॉटिश मुलगी बदली म्हणून आली. एक गिटार, पायाशी एक पेडल. मी ती क्लिप किती वेळा पाहिली असेल सांगता येत नाही. त्यात लूप अगदी कमी आहे: थोडा ठोका, थोडा हुंकार. बाकी सगळं ती जिवंत गाते, आणि मागचा लूप बैलगाडीच्या चाकासारखा नुसता चालत राहतो. चाकाकडे कुणी बघत नाही, गाडीत कोण बसलंय ते बघतात. पुढे आलेल्या आमच्यासारख्या शेकडोंनी नेमकं चाकच दाखवायला घेतलं. त्यामुळे गाणं कुठलंही असो, गोष्ट एकच ऐकू येते: बघा, कसा एकेक थर चढत गेला. सगळे थर चढले की वाजवणाऱ्याकडे एकच काम उरतं, एकेक काढत जाणं. पहिल्यांदा ऐकताना तोंडाचा आ होतो. तिसऱ्या गाण्याला लोक मासे मागवतात. त्यांचं चुकत नाही.

एकट्याने सगळं करण्यात दोष आहे असं मला म्हणायचं नाही. गोव्यातच त्याचा फार चांगला दाखला आहे. रेमो फर्नांडिसने १९८४ मध्ये ‘गोअन क्रेझी’ ही कॅसेट शिवोलीच्या आपल्या घरात, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर केली. वाद्यंही त्याची, आवाजही त्याचे. चार ट्रॅकवर चारपेक्षा जास्त गोष्टी बसवायच्या तर आधीच्या ट्रॅकचं मिश्रण एका ट्रॅकवर उतरवून बाकीचे मोकळे करावे लागतात, आणि दर वेळी फितीची खरखर वाढते. म्हणजे हेही थरच, फक्त बंद दाराआड. नको ते पुसायला, रात्रभर विचार करायला त्याच्याकडे वेळ होता. ऐकताना हा माणूस एकटा आहे हे लक्षातही येत नाही. लक्षात राहतो तो गोवा, त्याची थट्टा आणि त्याची चिडचिड. पुढे पिवळ्या स्कूटरवरून दुकानादुकानात जाऊन त्याने त्या कॅसेटी पोचवल्या. म्हणजे एकटेपणा कॅसेट तयार होईपर्यंतच होता. आमच्या बाबतीत एकटेपणा हाच विकायचा माल झाला.

याहून जवळचं उदाहरण आमच्या संभाजीनगरचं आहे. विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात शिकवणारे लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकटे बावन्न पात्रं उभी करायचे. पण तिथे एक पात्र आलं की आधीचं जायचं. ते टिकायचं प्रेक्षकाच्या डोक्यात. आठवण ठेवायचं काम त्यांनी समोरच्या माणसांवर सोपवलं होतं, म्हणून ती माणसं शेवटपर्यंत जागी राहायची. पेडल हे काम स्वतःकडे घेतं. मग समोरच्याला करायला काही उरत नाही, आणि त्याचा हात मोबाइलकडे जातो.

आपल्याकडे लूपला ‘आवर्तन’ म्हणायचा मोह होतो. मीही शॅकमधल्या पाहुण्यांना तसंच सांगायचो, ‘आमच्याकडे हे शेकडो वर्षांपासून आहे’ वगैरे. टाळ्या मिळायच्या. हे खोटं आहे. तबल्याच्या सोलोला पेटीवर लेहरा धरतात तेव्हा सोळा मात्रांची तीच ओळ तासभर फिरते, पण पेटीवाला तबलजीच्या हाताकडे बघत असतो. त्याने लय चढवली की हा चढतो, तिहाई समेवर पडली की हसतो, पडली नाही तर सांभाळून घेतो. तीच ओळ दर खेपेला कुणाचं तरी ऐकून परत येते. लूप परत येत नाही, नुसता पुन्हा वाजतो.

यातली गंमत म्हणजे लूपच्या सुरुवातीच्या माणसांपैकी एकाला हे फार आधी उमगलं असावं. टेरी रायलीने १९६३ मध्ये पॅरिसला दोन टेप रेकॉर्डरमधून फीत फिरवून चेट बेकरच्या ट्रम्पेटचे थरावर थर चढवले होते. तोच रायली १९७० मध्ये किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला आणि त्यांच्यामागे तानपुरा धरून बसू लागला. चार तारा, तोच क्रम, पण बोटांनी. दोन फेऱ्या तंतोतंत सारख्या होणं शक्यच नाही.

हे सगळं मला पुस्तकातून कळलं असतं तर इतकं लागलं नसतं. चैत्रात गावी गेलो होतो, सप्ताह बसलेला. अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस विणा खाली ठेवत नाहीत. एकाच्या गळ्यातून काढायची ती दुसऱ्याच्या गळ्यात घालायची. पहाऱ्यांची यादी मंदिराच्या भिंतीवर चिकटवलेली असते. यंदा रात्री दोन ते चारच्या रकान्यात नाव नव्हतं. तरणी पोरं वाळूजला, पुण्याला. आप्पा, माझे चुलते, सप्ताहात पेटी धरतात. ते म्हणाले, ‘तुझं ते मशीन आणलंय न्हवं? मग नाम त्यात भरून ठिव की. दोन तासांचा तर प्रश्न हाय.’

मी भरलं. संध्याकाळी, मंडळी टाळ घेऊन उभी असताना, मिनिटभराचा छान तुकडा घेतला. पाय अगदी वेळेवर पडला, उचकी नाही. माझ्या दोन हंगामांतला सगळ्यात सफाईदार लूप असेल तो. स्पीकरवर लावून दाखवला. आप्पांनी मान खाली घालून तीन फेऱ्या ऐकल्या.

‘ह्यात कुणीतरी खोकलंय.’

‘हो आप्पा. मागच्या रांगेतलं कुणीतरी.’

‘दर खेपेला तिथंच खोकतंय की रे ते.’

बाकी काही बोलले नाहीत. मी पेडल पिशवीत घातलं आणि रिकाम्या रकान्यात माझं नाव लिहिलं.

दोनला विणा गळ्यात घेतली. बरोबर टाळ घेऊन एक म्हातारी आणि पायरीवर बसलेला एक पोरगा, एवढेच. पहिला अर्धा तास मी शॅकमधल्यासारखा गायलो, आवाज लावून. मग घसा बसला आणि नुसतं नाम उरलं. साडेतीनच्या सुमाराला म्हातारीला डुलकी लागली, टाळ ढिला पडला. माझीही लय आपोआप खाली आली. ती दचकून जागी झाली आणि जरा जोरातच टाळ वाजवायला लागली, तसा मीही. चारचा माणूस चारला आला नाही. सव्वाचारला डोळे चोळत आला, तोंड धुऊन येतो म्हणाला आणि नळाकडे गेला.