बीज, अंकुर आणि मोकळे रान : ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’चा पुनर्विचार

१

एखाद्या कृतीचे गुण मान्य असावेत, तिच्या कीर्तीविषयी तक्रार नसावी, आणि तरीही तिच्या सहवासातून बाहेर पडताना रसिकाच्या मनात निराशा उरावी, असा अनुभव अनेकांना येतो. टीकाकार बहुधा ‘अपेक्षाभंग’ हा शब्द उच्चारून या निराशेची बोळवण करतात. रसिकाने जुने काही मागितले, कलावंताने नवे दिले, तेव्हा दोष मागणाऱ्याचा, असा त्यामागील युक्तिवाद असतो. तथापि जी कृती एका दीर्घ मालिकेचा भाग म्हणून अवतरते, तिच्याबाबत हा युक्तिवाद पुरेसा ठरत नाही. मालिकेने स्वतःच काही अपेक्षा घडवलेल्या असतात. त्या अपेक्षांचे स्वरूप काय होते हे कित्येकदा त्या भंग पावल्यानंतरच स्पष्ट होते. या अर्थाने निराशा हे परंपरेच्या ज्ञानाचे एक साधन ठरू शकते.

व्हिडिओ खेळांच्या क्षेत्रात याचे ठळक उदाहरण ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ या जपानी मालिकेत सापडते. निन्टेंडो या संस्थेने १९८६ साली तिचा आरंभ केला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका हे तिचे आद्य निर्माते होत. ३ मार्च २०१७ रोजी या मालिकेत ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ हा खेळ प्रसिद्ध झाला. हिदेमारो फुजिबायाशी हे त्याचे दिग्दर्शक व एइजी आओनुमा हे निर्माते. ‘फामित्सु’ या जपानी नियतकालिकाने त्यास ४० पैकी ४० गुण दिले. याच नियतकालिकाकडून सर्वप्रथम पूर्ण गुण मिळवणारा खेळ म्हणजे याच मालिकेतील ‘ऑकरिना ऑफ टाइम’ (१९९८) होय. वर्षअखेरीच्या ‘द गेम अवॉर्ड्‌स’ या समारंभात ‘ब्रेथ’ वर्षातील सर्वश्रेष्ठ खेळ ठरला. ही कीर्ती निराधार नाही. असे असूनही मालिकेच्या जुन्या चाहत्यांपैकी काहींना या खेळाने निराश केले. त्या निराशेस स्मरणरंजनापलीकडे काही आधार आहे काय, हा येथील प्रश्न आहे.

२

मियामोतो यांनी सांगितलेली बालपणीची एक आठवण मालिकेच्या अभ्यासकांस परिचित आहे. क्योतोनजीकच्या सोनोबे परिसरात भटकत असता त्यांना जमिनीत एक विवर आढळले. आत अंधारावाचून काही दिसेना. तेव्हा ते परत गेले, आणि दुसऱ्या दिवशी कंदील घेऊन येऊन आत उतरले. मालिकेची प्रेरणा म्हणून ही आठवण वारंवार सांगितली जाते आणि तिचा अर्थ बहुधा ‘शोधाचा आनंद’ असा लावला जातो. वस्तुतः तिचे मर्म दोन दिवसांत आहे. विवर आज दिसले; प्रवेश उद्या झाला. मधल्या काळात मुलगा बदलला, कारण त्याच्या हाती कंदील आला. विवर मात्र होते तसेच राहिले.

मालिकेतील प्रमुख कृतींनी रचनेचे हेच सूत्र सांभाळले. १९८६ च्या मूळ खेळात तिसऱ्या चक्रव्यूहात मिळणारा तराफा नसेल तर चौथ्याच्या बेटावर जाता येत नाही, आणि पाचव्यात मिळणारी बासरी वाजवल्यावाचून सातव्याचे तळे आटत नाही. खेळाडू ज्या तळ्याशेजारून पूर्वी निमूटपणे गेला, त्याच तळ्याशी तो पुन्हा येतो, आणि या खेपेस त्याला त्या तळ्याचा अर्थ कळतो. संस्कृत नाट्यशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर मुखसंधीत पेरलेले बीज निर्वहणात फळास येते. शाकुंतलातील अंगठी प्रथम दिसते तेव्हा ती केवळ अंगठी असते. ती पुन्हा दिसते तेव्हा अभिज्ञान घडते. स्थळाचे असे अभिज्ञान घडवणे हा या मालिकेचा खास धर्म होता.

‘ऑकरिना’मध्ये हा धर्म सर्वांत पूर्णतेने प्रकटला आहे. त्यातील पहिल्याच भुयारात, एका प्रचंड वृक्षाच्या पोटात, खेळाडूस जमिनीवरील विवर कोळ्याच्या जाळ्याने झाकलेले दिसते. त्यावर नुसते चालून ते तुटत नाही. खेळाडू मजल्यामागून मजला चढत वर पोहोचतो आणि मग त्याच्या ध्यानी येते की खाली दिसलेल्या त्या जाळ्यावर एवढ्या उंचीवरून उडी घेतली तर ते फाटेल. चढण्याचा अर्थ पडण्यात सापडतो.

परंतु अधिक बोलके उदाहरण जादूच्या बियांचे आहे. बालवयातील नायक लिंक एका विक्रेत्याकडून एकेक करून १० बिया विकत घेऊ शकतो, आणि दर खेपेस तो विक्रेता भाव चढवतो. भुसभुशीत माती दिसेल तेथे बी पेरावे. पेरल्यावर तत्काळ उपयोगाचे काही घडत नाही. पुढे सात वर्षांचा काळ लोटतो, लिंक तरुण होतो, आणि त्याच जागी उगवलेल्या वेलीचे पान त्याला अंतराळातून अशा ठिकाणी नेते की जेथे पूर्वी पाऊल ठेवणे अशक्य होते. याच सात वर्षांत राजधानीची बाजारपेठ उद्ध्वस्त झालेली असते. बालपणी जेथे गर्दी, कुत्री आणि खेळांची दुकाने होती तेथे आता चालती प्रेते उभी असतात. हा विध्वंस खेळाडूस कोणी सांगत नाही. त्या दुकानांत त्याने स्वतः वेळ घालवलेला असतो, म्हणून हानी त्याची स्वतःची असते.

३

‘ब्रेथ’च्या निर्मात्यांनी ही रचना अज्ञानाने मोडली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. जुने सूत्र तोवर यांत्रिक झाले होते. एखाद्या भुयारात साधन मिळावे, त्याच भुयारातील अडथळे त्याने दूर व्हावेत आणि त्याच भुयारातील राक्षस त्याच साधनाने मरावा, इतके ते आखीव बनले होते. ‘स्कायवर्ड स्वोर्ड’ (२०११) या खेळात तर खेळाडूस पावलोपावली सूचना देणारी एक सहचरी नेमलेली होती. ‘अ लिंक बिट्‌वीन वर्ल्ड्‌स’मध्ये (२०१३) बहुतेक साधने भाड्याने देऊन क्रमाचे बंधन सैल करण्यात आले. ‘ब्रेथ’ने ते जवळजवळ समूळ तोडले.

नव्या खेळाच्या आरंभी खेळाडू एका उंच पठारावर जागा होतो. तेथील चार मठ्यांतून त्यास चार विद्या मिळतात : लोह उचलण्याची, स्फोट घडवण्याची, वस्तूचा काळ गोठवण्याची आणि पाण्यातून हिमस्तंभ उभारण्याची. त्यानंतर हवेत तरंगण्याचे कापडी साधन मिळते, आणि सगळे जग मोकळे होते. इच्छा असल्यास तो तडक अंतिम शत्रूच्या किल्ल्यावर चाल करू शकतो. बहुतेक कोणताही कडा चढता येतो. गवत पेटवले तर उष्ण हवा वर झेपावते आणि तिच्यावर स्वार होता येते. वादळात अंगावर लोखंड असेल तर वीज कोसळते. द्रव्यांचे नियम सर्वत्र सारखे लागू होतात आणि खेळाडूच्या बुद्धीस मान देतात. बुरुजावर चढले की नकाशात भूरूप उमटते, पण कोठे काय आहे याच्या खुणा उमटत नाहीत. त्या खेळाडूने स्वतः कराव्यात. समकालीन विस्तीर्ण खेळांत नकाशे खुणांनी बुजबुजलेले असताना हा संयम खरोखर स्तुत्य होता.

४

मात्र सर्व विद्या प्रारंभीच हाती आल्यामुळे एक गोष्ट अटळपणे घडते. कोणतेही द्वार खेळाडूस ‘आज नाही, उद्या’ असे सांगू शकत नाही. जे दिसते ते तेव्हाच साध्य असते. अवकाश अफाट वाढतो आणि काळ आटतो. खेळाडू पुष्कळ ठिकाणी जातो, पण एखाद्या ठिकाणी परत येण्याचे कारण त्यास क्वचितच मिळते.

दुसरा परिणाम कथेच्या रचनेवर झाला आहे. चार जमातींच्या प्रदेशांत चार महाकाय यंत्रपशू आहेत व ते कोणत्याही क्रमाने जिंकता येतात. त्यामुळे कोणताही प्रसंग दुसऱ्यास गृहीत धरू शकत नाही. चारही प्रसंग पहिलेच असल्याप्रमाणे रचावे लागतात. परिणामी प्रत्येक वेळी संकटग्रस्त वस्ती, एक साहाय्यक, पशूवर चढाई, पूर्वजन्मीच्या मित्राचे भूत आणि एकाच गॅननचे थोडे बदललेले रूप, असा तोच घाट आढळतो. बा. सी. मर्ढेकर यांनी लयीची संवाद, विरोध आणि समतोल अशी तत्त्वे मांडली. ती येथे लावून पाहिली तर संवाद विपुल आढळतो. विरोध मात्र क्षीण, आणि म्हणून समतोल साधण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. १२० मठ्यांचेही तसेच आहे. त्यांतील कित्येक कोडी चतुर आहेत, परंतु साऱ्यांच्या भिंती, प्रकाश आणि समाधिस्थ तापस एकाच साच्यातले असल्याने पन्नासावी मठी आठवणीत चाळिसावीपासून वेगळी राहत नाही. कष्टाने मिळालेली शस्त्रे थोड्या वापरात मोडतात. पूर्वीच्या खेळांत मिळालेले साधन अखेरपर्यंत सोबत राहून खेळाडूची दृष्टीच बदलून टाकत असे.

तिसरा परिणाम भावनेच्या पातळीवरचा आहे. ‘ब्रेथ’मधील राज्य शंभर वर्षांपूर्वीच बेचिराख झालेले आहे. भग्न वास्तूंमध्ये एक उदास सौंदर्य आहे आणि विरळ पियानोच्या सुरांनी ते गडद होते. परंतु ती वैभवाची नगरी खेळाडूने कधी पाहिलेलीच नाही. नायक स्मृती गमावून बसलेला आहे, आणि झेल्डाने टिपलेल्या १२ चित्रांच्या जागा शोधल्या की गतकाळाची दृश्ये उलगडतात, तीही कोणत्याही क्रमाने. आठवणी नायकाच्या आहेत. खेळाडूस त्यांची केवळ माहिती मिळते. ‘ऑकरिना’च्या बाजारपेठेत जे दुःख भोगावे लागते, ते येथे वाचावे लागते.

आणि बियांविषयी. ‘ब्रेथ’मध्येही बिया आहेत, आणि त्या ९०० आहेत. कोरोक नावाचे वनबालक दगडाखाली, झाडाच्या शेंड्यावर, फुलांच्या रांगेत दडलेले असतात. सापडले की एक बी देतात. ही बी कोठे पेरता येत नाही. ठरावीक संख्येत ती दिली की शस्त्रे ठेवण्याच्या थैलीत एक जागा वाढते. नऊशेच्या नऊशे गोळा करणाऱ्यास अखेर जी सोनेरी भेट मिळते, तिचा आकार विष्ठेचा आहे. निर्मात्यांचा विनोद मोकळा आहे आणि प्रामाणिकही : या बियांतून काही उगवणार नाही, हे त्यांनी स्वतःच सांगून टाकले आहे.

५

या विवेचनावर एक आक्षेप असा घेता येईल की ‘ब्रेथ’ ही परंपरेची मोडतोड नसून मूळ १९८६ च्या खेळाकडे परतणे आहे. निर्मात्यांनी आपल्या कल्पना पडताळण्यासाठी मूळ खेळाच्या धर्तीवर एक सपाट नमुना तयार केला होता, आणि तो २०१७ साली व्यावसायिकांच्या परिषदेत दाखवलाही होता. पण हे परतणे अर्धेच आहे. मूळ खेळात भटकण्याचे स्वातंत्र्य होते, त्याचबरोबर तराफा आणि बासरीही होती. नव्या खेळाने रान घेतले. कंदील आणण्यासाठी घरी जाणे वगळले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बंद द्वाराच्या जागी नव्या खेळाने खेळाडूची स्वतःची वाढती समज ठेवली, साधने तीच राहून खेळाडू शहाणा होतो, असे म्हणता येईल. हे पुष्कळ अंशी खरे आहे आणि पहिल्या काही दिवसांत तो अनुभव विलक्षण असतो. परंतु नियम एकदा आत्मसात झाले की जग नवे प्रश्न विचारीनासे होते, आणि उरलेला विस्तार हा त्याच उत्तरांचा सराव ठरतो.

येथे खेळातीलच एक प्रसंग साक्षीस काढावा लागेल. घनदाट वनाच्या गर्भात दगडात रुतलेली एक प्राचीन तलवार आहे. ती उपसू लागताच नायकाचे प्राण क्षीण होऊ लागतात. जीवनाची १३ हृदये नसतील तर हट्ट धरणारा मरतो. खेळाडूस हात काढून घ्यावा लागतो, निघून जावे लागते, मठ्यामागून मठ्या धुंडाळून सामर्थ्य मिळवावे लागते, आणि मग त्याच वनात, त्याच दगडापाशी परत यावे लागते. खेळाच्या चाहत्यांच्या स्मरणात हा प्रसंग ठळकपणे राहिला, यात नवल नाही. येथे ‘ब्रेथ’ क्षणभर आपल्या पूर्वजांची भाषा बोलतो. झोराचे चिलखत मिळाल्यावर धबधबे चढता येतात, हे असेच दुसरे स्थळ. अशी स्थळे थोडी आहेत. आणि ती थोडी आहेत म्हणूनच निराशेस आधार आहे.

६

‘टिअर्स ऑफ द किंगडम’ (२०२३) या पुढील खेळाने मठ्यांची संख्या १५२ वर नेली, वस्तू जोडून यंत्रे घडवण्याची अद्‌भुत विद्या दिली, आणि प्रमुख विद्या आरंभीच हाती देण्याची पद्धत कायम ठेवली. म्हणजे २०१७ चा निर्णय हा प्रयोग न राहता मालिकेचा नवा पाया झाला. अशा वेळी त्याचे मूल्यमापन केवळ यशाच्या मापाने होऊ नये.

मालिकेतील कृतीस दोन प्रश्न विचारावे लागतात. ती स्वतःच्या बळावर उभी आहे काय? आणि ज्या परंपरेचे नाव ती धारण करते, त्या परंपरेस ती काय परत करते? पहिल्या प्रश्नास ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’चे उत्तर निःसंदिग्ध होकाराचे आहे. दुसऱ्यास त्याने मोकळे रान हे उत्तर दिले. ते लहान दान नव्हे. परंतु भुसभुशीत मातीत बी पेरून सात वर्षांनी त्याच जागी परतलेल्या खेळाडूस त्या रानात हिंडताना काही उणे वाटत असेल, तर तो केवळ आपल्या बालपणासाठी झुरत आहे असे समजण्याचे कारण नाही. त्याने एकदा वेल उगवलेली पाहिली आहे, आणि येथे तो माती तपासून पाहत आहे.