एक आडनाव, दोन सरवटे

जुन्या बातम्यांची टिपणं करताना आपण नुसतं आडनाव लिहितो, ही सवय मला खटकते. करोंदहून इंदूरला जाणाऱ्याला सरवटे बसस्टँड ठाऊक असतो, पण बऱ्याच जणांना वाटतं की ते क्रिकेटपटूचं नाव. तसं नाही. ते नाव विनायक सीताराम सरवटे यांचं. संविधान सभेत ते मध्य भारताचे सदस्य होते, शिवाय मराठी साहित्याचे अभ्यासक.

क्रीडापानावरचे सरवटे ते चंद्रशेखर त्र्यंबक, म्हणजे चंदू. जन्म सागरचा, 1920 चा, खेळले होळकर संघाकडून. मे 1946 मध्ये ओव्हलवर सरेविरुद्ध 9 बाद 205 असताना दहाव्या क्रमांकावरचे सरवटे आणि अकराव्यावरचे शुटे बॅनर्जी यांनी 249 धावा जोडल्या. दोघांचीही शतकं! अशी गोष्ट एकदा ऐकली की डोक्यातून जात नाही, आणि मग संविधान सभेतला माणूस मागे पडतो.

खरं तर आपल्या नावातच तपासणीची सोय आहे. एकाचे वडील सीताराम, दुसऱ्याचे त्र्यंबक. आडनाव सारखं म्हणून नातं जोडू नये. त्याला वेगळा पुरावा लागतो. कारखान्यात ड्रॉइंग नंबरशिवाय सुटा भाग कोणी घेत नाही. मग मधलं नाव गाळलेलं टिपण आपण फाइलला का लावतो? आणि मंडळाच्या सूचीत ‘सरवटे’ ही एकच नोंद आहे, तिच्या आधी दोन करा.