प्रत आणि वाचक : बेंगळुरूच्या ग्रंथालयव्यवस्थेतील ‘स्थानिक लेखक’

भारतीय भाषांचे वाङ्मयेतिहास लेखक, कालखंड आणि वाङ्मयप्रकार यांच्या आधाराने लिहिले गेले आहेत. ग्रंथ कोणी विकत घेतला, तो कोठे ठेवला गेला आणि वाचकाच्या हाती कोणी दिला, हे प्रश्न प्रकाशनव्यवसायाचे मानून बाजूला ठेवण्याचीच प्रथा आहे. कन्नड आणि मराठी या शेजारी साहित्यांची तुलना करताना ही उपेक्षा विशेष जाणवते. कारण या दोन भाषांतील ग्रंथव्यवहार गेल्या सहा दशकांत दोन निराळ्या ग्रंथालय कायद्यांच्या आश्रयाने वाढला आहे.

मद्रास प्रांताचा कायदा 1948 चा, म्हैसूर राज्याचा 1965 चा आणि महाराष्ट्राचा 1967 चा. (देशातील पहिला ग्रंथालय कायदा मात्र 1945 साली कोल्हापूर संस्थानात झाला होता, मराठी अभ्यासकांनाही याचा बहुधा विसर पडलेला असतो.) म्हैसूरच्या, म्हणजे आजच्या कर्नाटकाच्या, कायद्याने ग्रंथालय हे शासनाचे स्वतःचे काम ठरविले. मालमत्ताकरावर ग्रंथालय उपकर बसविला गेला, स्वतंत्र खाते उभे राहिले आणि राज्य ग्रंथालय सेवा अस्तित्वात आली. महाराष्ट्राने उपकर नाकारला. लोकांनी चालविलेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड असा दर्जा देऊन अनुदान द्यावयाचे, हा मार्ग त्याने पत्करला. एकीकडे खाते, दुसरीकडे संस्था. लेखकाला मिळणाऱ्या आधाराचे स्वरूप या फरकातूनच ठरत गेले आहे.

बेंगळुरूच्या कब्बन उद्यानातील शेषाद्री अय्यर स्मारक भवनात 1915 साली सार्वजनिक ग्रंथालय सुरू झाले. तेच पुढे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय झाले. कन्नड साहित्य परिषदेची स्थापनाही 1915 सालीच, याच शहरात झाली. विश्वेश्वरय्यांच्या दिवाणगिरीच्या काळात या दोन घटना एकत्र घडल्या, हा निव्वळ योगायोग नव्हे. भाषेची संस्था आणि ग्रंथांची संस्था ही एकाच आधुनिकतेची दोन अंगे मानली गेली होती. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांचे अखेरचे पर्वही बेंगळुरूतच गेले. 1962 मध्ये त्यांनी येथे प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू केले आणि 1972 मध्ये येथेच त्यांचे निधन झाले. ग्रंथ जमविण्यापेक्षा तो वापरला जाणे महत्त्वाचे, हा त्यांचा आग्रह होता. त्यांच्याच कर्मभूमीतील व्यवस्था त्या कसोटीवर कितपत उतरते, हे पाहणे अप्रस्तुत ठरू नये.

कर्नाटकात लेखकाला मिळणारा शासकीय आधार प्रामुख्याने दोन वाटांनी येतो. कन्नड पुस्तक प्राधिकार नव्या लेखकांच्या पहिल्या पुस्तकाला साहाय्य देते. महाराष्ट्रात साहित्य संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना हेच कार्य करते. दुसरी आणि अधिक प्रभावी वाट ग्रंथालय खात्याच्या घाऊक खरेदीची. निवड समितीने पसंत केलेल्या पुस्तकाच्या साधारणतः 300 प्रती खाते घेते. ललित पुस्तकाची आवृत्ती हजाराच्या आसपास, आणि अलीकडे त्याहूनही लहान असते, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळते. कवितासंग्रह, समीक्षाग्रंथ किंवा स्थानिक इतिहास यांना बाजारात जो आधार मिळत नाही, तो येथे मिळतो. या खरेदीवाचून कन्नडमधील कितीतरी चांगली पुस्तके निघालीच नसती. मात्र किंमत पृष्ठसंख्येवरून ठरविण्याच्या पद्धतीवर आणि देयके रखडण्यावर कन्नड प्रकाशक सातत्याने टीका करीत आले आहेत. या रखडण्याचे मूळ बऱ्याच अंशी उपकरात आहे. 6 टक्के उपकर घरमालक मालमत्ताकरासोबत भरतो, तो नगरसंस्था गोळा करते आणि तिने तो खात्याकडे वळता करावयाचा असतो. बेंगळुरूत ही थकबाकी वर्षानुवर्षे साचत गेली. 2025 मध्ये बृहत् बेंगळुरू महानगरपालिकेच्या जागी पाच महापालिका आल्या. देणेकरी बदलला, व्यवहाराची रीत तीच आहे.

तथापि टीकेचा रोख केवळ पैशावर ठेवणे पुरेसे नाही. खरेदी म्हणजे वाचन, असे जे समीकरण या योजनेत गृहीत धरलेले आहे, तेच मुळात तपासावयास हवे. त्यासाठी शासकीय खरेदी अस्तित्वात येण्यापूर्वीचे एक उदाहरण उपयोगी पडते. ‘गळगनाथ’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या वेंकटेश तिरको कुळकर्णी (1869–1942) यांनी हरि नारायण आपटे यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या कन्नडमध्ये आणल्या. विजयनगरच्या विनाशावरील आपट्यांची ‘वज्राघात’ त्यांच्या हातून ‘कन्नडिगर कर्मकथे’ झाली. मराठी कादंबरीचे कन्नड अस्मितेच्या ग्रंथात झालेले हे रूपांतर तौलनिक अभ्यासात अनेकदा चर्चिले जाते. त्या चर्चेत एक तपशील मात्र किस्सा म्हणून येतो आणि विरून जातो : गळगनाथ आपली पुस्तके स्वतः वाहून नेत आणि गावोगाव फिरून विकत. हा किस्सा नव्हे, ती अभिसरणाची यंत्रणा होती. लेखक, अनुवादक, विक्रेता आणि ग्रंथपाल एकाच देहात होते. प्रत आणि वाचक यांच्यामधले अंतर पायांनी तोडले जात होते.

घाऊक खरेदीने लेखकाच्या डोक्यावरचे ओझे उतरविले, हे योग्यच झाले. पण ते ओझे ज्याच्याकडे जावयाचे होते, तो ग्रंथालय कर्मचारी या व्यवस्थेतील सर्वांत दुर्बळ घटक राहिला. कर्नाटकात वरच्या स्तरावर शासकीय सेवा आहे, तर ग्रामपंचायत ग्रंथालयाचा पर्यवेक्षक मानधनावर काम करतो. महाराष्ट्रातील अनुदानित वाचनालयांचे सेवक वेतनश्रेणीची मागणी कित्येक वर्षे करीत आहेत. समीक्षेत ‘अभिरुची’ हा शब्द मोठ्या गांभीर्याने वापरला जातो; ती घडविण्यात या अल्पवेतनी माणसाचा वाटा किती, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

या दृष्टीने 2019 मध्ये कर्नाटकातील 5,000 हून अधिक ग्रामपंचायत ग्रंथालये ग्रामविकास व पंचायतराज खात्याकडे सोपविली गेली, ही घटना लक्षणीय आहे. पुढे त्यांना ‘अरिवु केंद्र’, म्हणजे ज्ञानकेंद्र, हे नाव मिळाले. शाळा बंद असताना, 2020 च्या उत्तरार्धात, ‘ओदुव बेळकु’ हा मुलांच्या वाचनाचा उपक्रम याच ग्रंथालयांतून सुरू झाला. अहवालांत त्याचे यश सभासदसंख्येने मोजले जाते, आणि त्याच वर्षी आलेल्या डिजिटल ग्रंथालयाचे नोंदणीने. खरेदीच्या प्रती मोजण्याचीच ही पुढची पायरी. उपक्रमाचे खरे मोल निराळे आहे : मुलाला बोलावून त्याच्यापुढे पुस्तक उघडणे हे कर्मचाऱ्याचे काम आहे, असे शासनाने निदान तेवढ्यापुरते मान्य केले.

उरतो ‘स्थानिक’ या शब्दाचा प्रश्न. प्रशासनाच्या दृष्टीने लेखकाचा पत्ता वस्तुतः भाषेवरून ठरतो. बेंद्रे यांची मातृभाषा मराठी, काव्याची भाषा कन्नड. ‘संवाद’ त्यांनी मराठीत लिहिले. कोणत्याही एका भाषेच्या यादीत ते पूर्णतः मावत नाहीत. कर्नाटकात तुळू, कोंकणी, कोडव, ब्यारी आणि उर्दू यांच्या अकादम्या आहेत, महाराष्ट्रात उर्दू, सिंधी, गुजराती व हिंदी यांच्या. म्हणजे बहुभाषिकता दोन्ही राज्यांनी तत्त्वतः मानलेली आहे. बेंगळुरूत राहून मराठीत लिहिणाऱ्याचे स्थान मात्र या चौकटींच्या मधल्या फटीत आहे. त्याचे पुस्तक पुण्यात किंवा मुंबईत छापले जाते, तेथे ‘बृहन्महाराष्ट्रातील’ म्हणून त्याची नोंद होते, आणि ज्या शहराविषयी ते लिहिलेले असते, त्या शहराच्या कब्बन उद्यानातील ग्रंथालयात ते पोहोचावे, याची जबाबदारी कोणत्याच योजनेवर नाही. ते तेथे पोहोचलेच, तर बहुधा गळगनाथांच्या रीतीने, लेखकाच्या पिशवीतून.