'रेक' या संज्ञेचा मराठी पर्याय : एक आक्षेप

इंग्रजी संज्ञेस एक मराठी प्रतिशब्द नेमून दिला की परिभाषेचे कार्य संपले, असा समज आपल्याकडे रूढ आहे. हा समज किती घातक ठरू शकतो, हे मोटरसायकलच्या पुढील फोर्कच्या भूमितीतील 'रेक' या एका संज्ञेवरून दाखविता येईल.

हँडल ज्या रेषेभोवती वळते तिला 'सुकाणू-अक्ष' म्हणू. मोटरसायकलच्या परिभाषेत या अक्षाने ओळंब्याच्या रेषेशी केलेला कोन म्हणजे रेक. अक्ष खाली वाढविल्यास तो जमिनीस जेथे मिळतो, तेथपासून मागे चाकाच्या स्पर्शबिंदूपर्यंतचे अंतर म्हणजे ट्रेल. अक्षापासून चाकाच्या आसापर्यंतचे लंबांतर म्हणजे ऑफसेट. सायकलीच्या परिभाषेत मात्र पुष्कळदा या ऑफसेटलाच रेक म्हणतात आणि अक्षाचा कोन जमिनीपासून मोजतात. म्हणून तेथील ७३ अंश ते येथील १७ अंश होत.

हा भेद केवळ शाब्दिक नव्हे. चाकाची त्रिज्या ३०० मि.मी., रेक २५ अंश व ऑफसेट ३५ मि.मी. धरल्यास ट्रेल सुमारे १०१ मि.मी. येतो. केवळ कोन २६ अंश केल्यास तो १०७ होतो. उलट, कोन तोच ठेवून ऑफसेट ४५ केल्यास तो ९० वर उतरतो. अर्थात् 'रेक वाढवावा' या एकाच वाक्याचे दोन परंपरांत परस्परविरुद्ध फल मिळते.

'फोर्कचा कल' हा सुचणारा प्रतिशब्दही निर्दोष नाही. कित्येक चॉपर गाड्यांत फोर्कच्या नळ्यांचा कल व अक्षाचा कल यांत हेतुतः अंतर ठेवलेले असते. तसेच ट्रेलला 'स्थैर्यांतर' म्हणणेही इष्ट नव्हे. २०११ साली 'सायन्स' नियतकालिकात कूइमान, रुइना, श्वाब प्रभृतींनी स्पर्शबिंदू अक्षाच्या किंचित पुढे असूनही आपला तोल आपणच सावरणारी दुचाकी दाखविली. ट्रेलचा स्थैर्याशी संबंध आहे, परंतु स्थैर्य सर्वस्वी त्यावर अवलंबून नाही. संज्ञेत उपपत्ती गोविली की उपपत्ती बदलताच संज्ञा खोटी पडते.

तात्पर्य, प्रतिशब्द इंग्रजी शब्दावरून न घडविता मापनक्रियेवरून घडवावा. 'ओळंबा-कोन' आणि 'आसाचे लंबांतर' या संज्ञा कानाला रुक्ष वाटतील. परंतु माप कोठून कोठवर घ्यावयाचे, हे त्या निःसंदिग्धपणे सांगतात. परिभाषेकडून याहून अधिक अपेक्षा करू नये, आणि याहून कमीही नव्हे.