कणसरीचं स्पेलिंग

तलासरीजवळच्या एका पाड्यावर राहणाऱ्या माझ्या जुन्या विद्यार्थ्याचा मागच्या पावसाळ्यात फोन आला. मुलगी झाली होती आणि नावही ठरलं होतं : कणसरी. "सर, दाखल्यावर मराठी आणि इंग्रजी दोन्ही लागतं. मराठी येतं मला. इंग्रजीत कसं लिहू, तेवढं सांगा." दोन मिनिटांचं काम आहे असं समजून मी कागद घेतला, आणि अर्ध्या तासानंतरही कागदासमोरच बसलो होतो.

के-ए-एन-एस-ए-आर-आय. सरळ आहे. पण हिंदी भाषक कारकून हे 'कंसारी' वाचेल. संस्कृत शिकलेल्याला त्यात कंसाचा अरी, म्हणजे कृष्ण दिसेल. इंग्रजी शाळेतली बाई हजेरी घेताना 'कान्सारी' म्हणेल. 'एन'नंतर एक 'ए' वाढवला तर 'कनसरी' जवळ येतं, पण 'कानासारी'लाही दार उघडतं. 'एस'नंतरचा 'ए' काढला तर 'कन्स्री'. ण तर कशातच बसत नाही.

कणसरी ही वारल्यांची धान्याची देवी. सुगी झाली की भगत घांगळी वाजवत तिची कथा गातो. ज्या घरांत आजवर सोमवारी जन्मला तो सोम्या आणि मंगळवारी जन्मली ती मंगळी अशी नावं पडत आली, त्या घरात आईबापांनी विचार करून आपल्याच देवीचं नाव निवडलं होतं. असं नाव पहिल्याच कागदावर कृष्णाचं होऊन जाणं मला बरं वाटेना.

रोमन लिपीत अ आणि आ यांना एकच अक्षर आहे. द आणि ड एकच, न आणि ण एकच, ल आणि ळ एकच. हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि पुणे-मुंबईच्या नावांचं त्यात फारसं बिघडत नाही. 'अनिल'ला कोणी 'आणील' वाचत नाही, कारण ते नाव आधी हजारदा कानावर पडलेलं असतं. स्पेलिंग ही तिथं फक्त आठवण असते. जे नाव वाचणाऱ्याने कधी ऐकलेलंच नाही, तिथं स्पेलिंग हाच उच्चार होऊन बसतो. डहाणू हे गावाचं नाव रोमनमधून हिंदीत जाताना 'दहानू' होतं, ते याच वाटेनं. माणसांच्या नावांना तर स्टेशनावरच्या पाटीइतकाही आधार नसतो.

आमच्या भागाबद्दल छापलेलं आजवरचं लिखाण या एका नजरेनं पुन्हा चाळावं, असं त्या कागदापुढे बसल्यावर वाटलं.

सुरुवात जमातीच्याच नावापासून. के. जे. सावे यांचं १९४५ सालचं इंग्रजी पुस्तक 'डब्ल्यू'ने 'वारली' लिहितं. त्याच वर्षी सुरू झालेल्या उठावाबद्दल शामराव परुळेकरांनी इंग्रजीत लिहिलं ते 'व्ही'ने. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो'चं इंग्रजी रूप १९७५ साली आलं, त्याच्या नावात पुन्हा 'डब्ल्यू'. अनुसूचित जमातींच्या सरकारी यादीत 'व्ही', आणि चित्रकलेला मिळालेल्या भौगोलिक मानांकनात 'डब्ल्यू'. म्हणजे दाखल्यावर एक अक्षर आणि भिंतीवर लावायच्या चित्राखाली दुसरं. मराठीत व एकच असल्यामुळे आपल्याला हे कधी खुपलं नाही. खुपावं असं फार मोठंही नाही. दोन्हींतून उच्चार जवळपास तोच निघतो.

खुपतं ते पुढे. जिव्या सोमा म्हसे हे डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे. वारली चित्रकला कागदावर आणि मग जगभर नेणारा हा माणूस. १९८९ साली पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातल्या प्रदर्शनात त्यांचं काम होतं, २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. कॅटलॉगांत त्यांचं आडनाव एम-ए-एस-एच-ई असं ठरून गेलं. परदेशी वाचकाला तेवढं पुरे. पण मराठी छापात बघा : कुठे म्हसे, कुठे मशे, कुठे माशे. यातली शेवटची दोन रूपं पाड्यावरून आलेली वाटत नाहीत, ती इंग्रजी स्पेलिंगवरून उलटी वाचून काढलेली दिसतात. 'म्ह'चा ह रोमनमध्ये जाताना गळला आणि परत येताना 'स'चा श झाला. डहाणूच्या माणसाचं नाव मराठी वाचकाकडे पॅरिसवरून फिरून आलं. लिपी दोघांची एकच असताना, मधे समुद्र नसताना. यात दोष परदेशी कॅटलॉगाचा नाही. गंजाडला फोन न करता कॅटलॉग उघडणाऱ्या आपला आहे.

गंजाडचेच दुसरे चित्रकार राजेश वांगड. छायाचित्रकार गौरी गिल यांच्या छायाचित्रांवर त्यांनी केलेलं रेखाटन अनेकांनी पाहिलं असेल. इंग्रजीत त्यांचं पूर्ण नाव छापतात तेव्हा मधलं, म्हणजे वडिलांचं नाव सी-एच-ए-आय-टी-वाय-ए असं येतं. चैत्या. आमच्याकडे हे कानावर पडलं की चैत्र महिना आठवतो. स्पेलिंग वाचणाऱ्याला मात्र 'चैत्य' दिसणार आणि कार्ले-भाजे आठवणार. शब्द सुंदर आहे, पण त्या बापाचा नाही.

आणि वनगा. तीनदा लोकसभेवर निवडून गेलेले चिंतामण वनगा तलासरी तालुक्यातले. संसदेच्या नोंदीत त्यांचं आडनाव डब्ल्यू-ए-एन-जी-ए. यातून वनगा, वंगा, वांगा काहीही निघतं. वांगड 'व्ही'ने आणि वनगा 'डब्ल्यू'ने, याला पहिल्यांदा लिहिणाऱ्याच्या हाताखेरीज कारण दिसत नाही. पण त्यांच्या नावात मला जास्त बोलकी वाटते ती पिढ्यांची रांग. वडील नवशा, मुलगा चिंतामण, नातू श्रीनिवास. तीन नावांत तालुक्याचा पाऊणशे वर्षांचा इतिहास आहे. जिव्यांचा मुलगा सदाशिव, चैत्यांचा मुलगा राजेश, हीही तीच रांग.

ही रांग पाहून हळहळणारे लेख आपल्याकडे बरेच लिहिले जातात. जुनी नावं गेली, संस्कृती गेली, असा त्यांचा सूर असतो. मला तो पटत नाही. 'या'ने संपणारं नाव घरात मायेचं असतं, पण सावकाराच्या ओट्यावर, ठेकेदाराच्या हजेरीपटावर तोच 'या' अरेतुरेचा होतो. प्रमाण मराठीत रामाचा राम्या केला की माणूस खाली उतरतो. ज्यांनी तो स्वर ऐकला त्यांनी मुलाला सदाशिव म्हटलं तर त्यात काय चुकलं? शहरातल्या माणसाने आपल्या मुलाचं नाव आरव ठेवायचं आणि पाड्यावरच्याने मात्र बुध्या जपायचा, ही अपेक्षा फार स्वस्त आहे.

पण दुसऱ्या बाजूला जेठ्या गांगड आहेत. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले, त्यांतले ते. त्यांचं नाव आजही 'जेठ्या' असंच घेतलं जातं. कोणी त्याचं 'जेठाजी' केलं नाही, आणि त्या नावाला त्याची गरजही पडली नाही. म्हणजे 'या'त कमीपणा नव्हता, तो म्हणणाऱ्याच्या तोंडात होता. गोदावरीबाईंच्या पुस्तकाकडे मी पुन्हा पुन्हा जातो, त्याचं एक कारण हेही की ते मुळात मराठीत लिहिलं गेलं. त्यातली माणसं रोमनच्या चाळणीतून न जाता, कानाने ऐकून देवनागरीत उतरली. नंतर आपण कलेकडे वळलो, इंग्रजी साहित्य वाढलं आणि ऐकायचं काम थांबलं.

आता कागदाचं वजनही वाढलं आहे. १ ऑक्टोबर २०२३पासून जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात बदल झाला. त्यानंतर जन्मलेल्या मुलांना शाळेपासून आधार, पासपोर्टपर्यंत जन्माचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच दाखवावा लागणार. पूर्वी शाळेत घालताना मास्तर नाव 'सुधारून' घ्यायचे; आता सुधारणा असो की बिघाड, तो पहिल्याच कागदावर होतो. महाराष्ट्रात १ मे २०२४पासून जन्मलेल्यांच्या नावात आईचंही नाव येतं. चांगली गोष्ट आहे. पण त्यामुळे एका मुलीमागे आता चार शब्दांची स्पेलिंगं आली : तिचं, आईचं, बापाचं, आडनावाचं. चारही कागदांवर ती जुळली नाहीत तर खेपा माहीत आहेतच.

संध्याकाळी मी विद्यार्थ्याला फोन केला. माझा सल्ला तयार होता : 'एन'नंतर एक 'ए' वाढव, म्हणजे निदान 'कंसारी' तरी होणार नाही. तो ऐकून घेत होता. मागे कोणी तरी बाळाशी बोलत होतं. मी म्हटलं, "ण मात्र इंग्रजीत येत नाही, त्याला इलाज नाही."

तो हसला. "सर, ण आमच्याकडेही येत नाही. आजी 'कनसरी'च म्हणते."

मी गप्प झालो. इतका वेळ ज्याला मी मूळ उच्चार समजत होतो, तोही पुस्तकातला निघाला. रोमनने ण घालवला म्हणून मी हळहळत होतो, आणि तो ण मुळात प्रमाण मराठीने घातलेला. देवनागरीत लिहिलं म्हणजे बरोबर लिहिलं, हा माझा विश्वास होता. म्हसे लिहिणारे आणि माशे लिहिणारे यांच्यात आता मला पूर्वीइतकं अंतर वाटत नाही. म्हसे तरी घरच्यांना विचारून लिहिलेलं आहे का, हे मीही कधी विचारलेलं नाही.

"मग मराठीत न लिहिणार?" मी विचारलं.

"नाही सर, ण. शाळेत चूक म्हणतील." थोडं थांबून तो म्हणाला, "इंग्रजीत साधंच ठेवतो, जास्तीचा 'ए' नको. आजीचा न आहे त्यात. आणि कोणी कंसारी म्हटलं तर पोरगी सांगेल ना, अशी नाही, अशी म्हणा."

दाखला महिन्याभराने आला. त्याने फोटो पाठवला. मराठी रकान्यात ण, इंग्रजी रकान्यात सात अक्षरं. त्याखाली त्याने आवाजी संदेश टाकला होता. त्यात आजी नातीला हाक मारत होती. हे नाव मला कधी छापायची वेळ आली, तर मी आधी तो ऐकेन.