चित्रात मोरी नसते

२०१८ साली बार्सिलोनात काम करणाऱ्या आंद्रेस रेसिंगर या अर्जेंटिनी कलावंताने इन्स्टाग्रामवर एका गुलाबी आरामखुर्चीचं चित्र टाकलं. पाठ, बैठक, हात, सगळीकडे पाकळ्याच पाकळ्या. अशी खुर्ची जगात कुठेही नव्हती. ती संगणकावर घडवलेली होती. तरी लोक किंमत विचारू लागले, मागणी नोंदवू लागले. मग जुलिया एस्के या वस्त्रकलावतीच्या मदतीने लेझरने कापलेल्या सुमारे २० हजार कापडी पाकळ्या बसवून ती प्रत्यक्षात आणावी लागली, आणि २०२१ मध्ये मोई या डच कंपनीने ‘हॉर्टेन्शिया’ या नावाने ती बाजारात आणली. बसायला ती छान असेलही. पाकळ्यांच्या बेचक्यात सांडलेली कॉफी कशी काढायची, हा प्रश्न मात्र त्या कौतुकात कुठे ऐकू आला नाही.

जेवणाची टेबलं, ताटं-पेले, घरातलं फर्निचर यांच्या ‘कॉन्सेप्ट’ रचनांची आजची अवस्था या एका खुर्चीत सापडते. पूर्वी वस्तू घडायची, मग तिचा फोटो निघायचा. आता चित्र आधी गाजतं. वस्तू नंतर घडली तर घडते. इलेक्ट्रोलक्स कंपनीने २००३ ते २०१५ या काळात विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी भावी काळातल्या घरगुती उपकरणांची स्पर्धा घेतली. तिच्यातल्या बहुतेक कल्पना चित्रातच राहिल्या, पण निदान प्रत्येकीमागे कोणा विद्यार्थ्याच्या जागरणाच्या रात्री होत्या. जानेवारी २०२१ मध्ये ओपनएआयने जगाला आपला चित्र काढणारा प्रोग्राम दाखवला तो ‘अवोकाडोच्या आकाराची आरामखुर्ची’ एवढ्या शब्दांवरून डझनावारी खुर्च्या काढून. तेव्हापासून नवा आकार गिरणीतून पीठ पडावं तसा पडतो आहे. पाण्यावर तरंगणारं टेबल, ढगाचा सोफा, बर्फाचे वाटतील असे पेले. ‘असं कधी पाहिलं नव्हतं’ हे ज्या कलेचं मुख्य भांडवल होतं, तिच्या भांडवलाची किंमतच शून्यावर आली. मला हे संकट वाटत नाही. आकाराचं नवल संपल्यावर तरी वस्तूकडे वस्तू म्हणून पाहायला सवड मिळेल.

मुद्दाम निरुपयोगी केलेल्या वस्तूंची मात्र एक घराणेदार परंपरा आहे आणि तिच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. १९३६ मध्ये मेरेट ओपेनहाइम हिने पॅरिसच्या दुकानातून साधी कपबशी आणि चमचा आणून त्यांना फर चिकटवली. ती कपबशी आज न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयात आहे आणि तिचा नुसता फोटो पाहूनही ओठ आक्रसतात. १९६९ मध्ये जाक कारेलमान याने बाजारात मिळूच शकणार नाहीत अशा वस्तूंचा सचित्र कॅटलॉग काढला. त्यातली तोटी आणि मूठ एकाच बाजूला असलेली कॉफीची किटली पुढे डॉन नॉर्मन यांच्या रोजच्या वस्तूंवरच्या पुस्तकामुळे जगभर पोहोचली. ओतणाऱ्याचाच हात भाजेल अशी ती किटली. अथेन्सची वास्तुकार कातेरीना काम्प्रानी २०११ पासून हाच खेळ पुढे नेते आहे. तिच्या एका काट्याचा दांडा साखळीचा आहे. झारीची तोटी मागे वळून झारीतच पाणी सोडते. या वस्तू वापरता येत नाहीत आणि तसं उघड सांगतात. साखळीचा काटा पाहिल्यावर आपल्या घरातल्या चमच्याच्या ताठ दांड्याकडे पहिल्यांदा लक्ष जातं. समीक्षा करावी ती अशी.

डिझायनर फिलिप स्टार्कच्या लिंबू पिळण्याच्या यंत्राबद्दल इतकं उदार होता येत नाही. १९९० मध्ये अलेस्सी या इटालियन कंपनीने काढलेला ‘ज्यूसी सॅलिफ’ म्हणजे तीन लांब पायांवर उभा असलेला अॅल्युमिनियमचा कोळी. डिझाइनच्या इतिहासाची पुस्तकं त्याच्या फोटोशिवाय छापली जात नाहीत. लिंबू पिळलं की रस पायांवरून ओघळतो आणि गाळणी नसल्यामुळे बिया थेट पेल्यात पडतात. त्याची सोन्याचा मुलामा दिलेली आवृत्तीही निघाली. लिंबाच्या आम्लाने मुलामा खराब होतो, तेव्हा ती वापरायचीच नाही. शिल्प म्हणून मला तो आवडतो, पण स्वयंपाकघराच्या नावाने विकलं जाणारं शिल्प हा थोडा लबाडीचा व्यवहार आहे. काम्प्रानीची झारी विनोद म्हणून समोर येते. हा विनोद उपकरणाच्या किमतीला, उपकरण म्हणून विकला गेला.

मग मोजायचं कशाने? मोजपट्टी आपल्याकडेच पडून आहे. १९५८ मध्ये भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने जो अहवाल दिला, त्यातूनच पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्या अहवालात लोट्यावर एक उतारा आहे. लोट्याच्या देखणेपणाबद्दल ते बोलतात, पण तेवढ्यावर न थांबता बरंच काही विचारतात. कोणाच्या हाताचा आकार आणि ताकद, डोक्यावर न्यायचा की कमरेवर, भरलेला असताना तोल कुठे, रिकामा असताना कुठे, ओततानाच नव्हे तर भरताना आणि धुतानाही पाणी कसं वाहतं, आणि मोडीत काय येईल. यातला धुण्याचा आणि मोडीचा प्रश्न आजच्या कॉन्सेप्ट रचनांतून पार गळून गेला आहे. या चित्रांत झुंबर असतं, खिडकीबाहेर समुद्र असतो. मोरी कधीच नसते. भांडी कोण घासतं आणि घासून कुठे ठेवतं, हे त्या सुंदर घरात कळत नाही.

टेबलांचं पाहा. लंडनच्या क्रिस्टोफर डफी यांनी २०१४ मध्ये काच आणि लाकडाचे थर रचून समुद्रतळाचा उतार दाखवणारं ‘अॅबिस’ टेबल केलं. त्यांच्याच दुसऱ्या टेबलाला खुर्च्या झोपाळ्यासारख्या टांगलेल्या आहेत. पहिलं अप्रतिम आहे. दुसऱ्यावर वरण-भात खाणाऱ्या लहान मुलाची कल्पना करा. अमेरिकेतल्या ग्रेग क्लासन यांनी लाकडाच्या दोन फळ्यांच्या मधून निळ्या काचेची नदी वाहवली. त्या कल्पनेच्या राळ ओतून केलेल्या नकला आता जगभर विकल्या जातात. आपल्याकडेही ऑनलाइन दुकानांत त्या हव्या तेवढ्या आहेत. त्यातल्या अनेक राळी गरम कुकर टेकला की डाग धरतात.

याउलट खरी टेबल-कल्पना जवळजवळ दोनशे वर्षं जुनी आहे. रॉबर्ट ज्युपने १८३५ मध्ये लंडनमध्ये पेटंट घेतलेलं गोल टेबल हाताने फिरवलं की त्याच्या पाचरी एकमेकींपासून बाहेर सरकत आणि मधल्या फटींत जादा फळ्या बसवता येत. टेबल मोठं होई, तरी गोलच राही. डेव्हिड फ्लेचर यांनी आपल्या काळात तेच तत्त्व पुढे नेलं. त्यांच्या टेबलात जादा फळ्या खालून आपोआप वर येतात. किंमत अर्थातच राजेरजवाड्यांची, पण प्रश्न मुंबईच्या दोन खोल्यांतला आहे. रोज चार माणसं, सणाला दहा, आणि जागा तेवढीच. आपल्याकडे तो प्रश्न सुतार भिंतीला बिजागऱ्यांनी जोडलेल्या, दुमडत्या प्लायच्या फळीने सोडवतो. तिला कोणी कॉन्सेप्ट म्हणत नाही.

हाताच्या दुखण्यातून निघालेल्या कल्पना सगळ्यांत जास्त टिकल्या. सॅम फार्बर यांच्या पत्नीला संधिवातामुळे सालकाढणी नीट धरता येईना, त्यातून १९९० मध्ये ऑक्सो कंपनीची जाड रबरी मुठीची, बाजूंना पातळ कंगोरे असलेली सालकाढणी आली. दुखऱ्या हातांसाठी काढलेली ती मूठ धडधाकट हातांनीही उचलली, कारण ओल्या हातातूनही ती निसटत नाही. शा याओ या डिझायनरची आजी स्मृतिभ्रंशाने आजारी होती. तिच्यासाठी केलेल्या ‘ईटवेल’ संचात वाटीची आतली बाजू निळी आहे, कारण निळ्या रंगाचं अन्न फारसं नसतं आणि नजर अधू झालेल्या माणसाला घास उठून दिसतो. वाटीचा तळ उतरता आहे, म्हणून शेवटचा घास एका बाजूला गोळा होतो. या संचाचे फोटो काही विशेष नाहीत. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला भरवलेल्या माणसाला मात्र तो तळ पाहून गहिवरून येईल.

जपानमध्ये किरिन कंपनीने २०२४ मध्ये बाजारात आणलेला विजेचा चमचा हे आणखी एक उदाहरण. मेइजी विद्यापीठातल्या होमेई मियाशिता यांच्याबरोबर केलेल्या संशोधनातून तो आला. चमच्यातला अगदी सौम्य विद्युतप्रवाह सोडियमचे आयन जिभेशी आणतो आणि कमी मिठाचं सूप दीडपट खारट लागतं. तेव्हाची किंमत १९,८०० येन. याच मियाशितांना एका सहकाऱ्यासह विजेच्या चॉपस्टिक्सच्या प्रयोगासाठी २०२३ मध्ये इग नोबेल हा आधी हसवणारा आणि मग विचार करायला लावणारा पुरस्कार मिळाला होता. रक्तदाबामुळे अळणी जेवणाऱ्याला त्यात हसण्यासारखं काही वाटणार नाही.

आता आपल्याकडे. महाराष्ट्रातलं ताट ही मुळातच एक पक्की रचना आहे. डावीकडे चटणी-कोशिंबीर-लोणचं, वर मीठ आणि लिंबाची फोड, उजवीकडे भाजी, मध्ये भात, आणि हे सगळं अडवायला काठ. तो काठ आहे म्हणून भातावरचं वरण जागेवर राहतं आणि बोटांना घास टेकवायला आधार मिळतो. आपल्या ‘समकालीन’ टेबलवेअरमधून नेमका हा काठ सर्वांत आधी गेला. सपाट, खडबडीत, मातकट रंगाच्या सुंदर थाळ्या मिळतात. त्या पास्त्यासाठी आहेत. हाताने जेवणाऱ्या माणसासाठी आज कोणी नवं ताट का करत नाही, हे मला कोडं आहे. हॉटेलांनी तर ताटच हद्दपार केलं. भजी छोट्या सायकलरिक्षात येतात, चटण्या पाटीवर. ब्रिटनमध्ये २०१५ साली अशाच प्रकारांना वैतागून ‘वुई वॉन्ट प्लेट्स’ ही मोहीम सुरू झाली होती. आपल्याकडे ती व्हायला हवी.

आपल्या जगण्यातून रचना काढणारे अपवाद आहेत. दिल्लीच्या गुंजन गुप्ता यांनी सायकलवर लादलेल्या गोण्यांचं सिंहासन केलं. ते मिश्कील आहे. फक्त गोण्या वाहणारा त्यावर बसणार नाही, एवढं मनात राहतं. हैदराबादच्या नारायण पीसपाटी यांनी २०१० मध्ये ज्वारीचे खाता येणारे चमचे आणले. भाताच्या शेतीने भूजल उपसलं जातं, ज्वारीला गिऱ्हाईक मिळालं तर ते थांबेल, असा त्यांचा हिशेब होता. चमच्याच्या आकारात नवं काही नाही. नवा आहे तो शेतापासून खरकट्यापर्यंतचा विचार, जो आपल्या पत्रावळी-द्रोणात केव्हापासून होता.

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीचं उदाहरण उलट दिशेचं आहे. तिथल्या कारागिरांचं मठारकाम म्हणजे हातोडीने एकसारखे खळगे उमटवणं. मऊ तांबं त्या ठोक्यांनी कडक होतं. नक्षी हा कामाचा परिणाम. गेल्या काही वर्षांत डिझायनरांनी या कारागिरांकडून दिवे, तसराळी, पाण्याची भांडी करून घेतली आणि त्यातली काही खरोखर उत्तम आहेत. पण बाजारात यंत्राने छापलेल्या खळग्यांचे पेलेही त्यांच्याच शेजारी उभे असतात. त्या खळग्यांचं काम बळ देणं नसतं, ते फोटोत चमकतात इतकंच.

म्हणून डिझाइन संस्थांना आणि स्पर्धा भरवणाऱ्यांना एक विनंती. प्रवेशिकेत चकचकीत चित्रांबरोबर सहा महिने वापरलेल्या नमुन्याचा फोटो मागा. आणि परीक्षकांमध्ये एक जागा भांडी घासणाऱ्या मावशींना द्या, इतर परीक्षकांइतक्याच मानधनावर.