‘शिवकालीन’ काष्ठनौका : एक परीक्षण

मराठ्यांच्या आरमाराची स्मृति म्हणून लाकडांत घडविलेल्या नौका हल्लीं संग्रहांत, सभागृहांत व भेटवस्तूंत वारंवार दृष्टीस पडतात. त्यांवर पुष्कळदां ‘शिवकालीन गुराब’ अशी पट्टी असते. शिवनेरीच्या पायथ्याशीं अशी नौका ठेवण्यांत अनौचित्य कांहींच नाहीं. नाणेघाटाच्या वाटेनें जुन्नरचा व्यापार प्राचीन काळापासून कल्याण बंदराशीं जोडलेला होता. आणि शिवाजी महाराजांनीं इ. स. १६५७ च्या एप्रिलांत जुन्नरवर छापा घातला, त्याच वर्षीं ऑक्टोबरांत कल्याण-भिवंडी घेतली व पुढें तेथेंच आरमाराचा आरंभ केला. तेव्हां घाटमाथ्यावरील जुन्नरचा समुद्राशीं संबंध आहेच. प्रश्न एवढाच, कीं पट्टीवरील विशेषण त्या काष्ठनौकेस शोभतें काय?

सभासदानें जिंजीस लिहिलेल्या बखरींत गुराब, तारूं, गलबत, शिबाड इत्यादि जाती सांगितल्या आहेत. परंतु बखरकार नांवें देतो, मापें देत नाहीं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत (सुमारें इ. स. १७१५-१६) आरमाराचें प्रकरण आहे. गुराबा फार मोठ्या नकोत, फार लहानहि नकोत, मध्यम असाव्या. वाऱ्यावांचून निरुपयोगी ठरणाऱ्या मोठ्या फरगाती बांधूं नयेत, असा त्यांतील आशय. हा नियम महत्त्वाचा खरा. पण केवळ त्यावरून सुतारास आंखणी करतां येत नाहीं.

आंखणीजोगें वर्णन मिळतें तें रॉबर्ट ऑर्म याच्या इ. स. १७६३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या इतिहासांत. आंग्र्यांच्या आरमाराविषयीं लिहितांना तो सांगतो, कीं गुराबेस बहुधा दोन, क्वचित् तीन डोलकाठ्या असत. तीन काठ्यांची सुमारें ३०० टनांची, दोन काठ्यांची १५० टनांहून अधिक नसे. लांबीच्या मानानें रुंदी फार, आणि बूड पाण्यांत थोडें. पुढें गोल छाती नसून भूमध्य समुद्रांतील वल्ह्यांच्या जहाजाप्रमाणें लांब नाळ निघालेली. समोरच्या लाटेंत गुराब फार आपटे. म्हणून नाळेवरची तक्तपोशी उघडी ठेवीत, तिला बाजूंस कठडा नसे, कीं वर आलेलें पाणी न अडतां वाहून जावें. मागील आडव्या भिंतीच्या छिद्रांतून नऊ ते बारा रत्तली गोळ्यांच्या दोन तोफा नाळेवरून समोर मारा करीत. गलबत बहुधा ७० टनांच्या आंतलें, ४०-५० वल्ह्यांचें व एका मोठ्या त्रिकोणी शिडाचें.

या वर्णनाशीं बाजारी काष्ठनौका ताडून पाहतां पहिला दोष नाळेंतच दिसतो. शिल्पी पुढचा भाग उंच व गोल करतो, त्यावर सिंहमुख बसवितो आणि सभोंवतीं नक्षीदार कठडा लावितो. पिछाडी गढीसारखी चढविलेली, कुशींस तोफांच्या रांगा, तीन काठ्यांवर चौकोनी शिडें. हें रूप मोठ्या यूरोपीय फरगातीचें झालें. म्हणजे आज्ञापत्रानें जी बांधूं नये म्हटलें, तिचेंच! कठडा ही क्षुल्लक बाब वाटेल. पण जो कठडा पाणी अडवून नाळ जड करील, तो लावणाऱ्यानें गुराब समुद्रांत कशी चाले हें जाणलें नाहीं.

मात्र परकें दिसेल तें सर्व खोटें, हा आक्षेपहि टिकणारा नाहीं. कल्याण-भिवंडीच्या पहिल्या बांधणीवर रुय लैतांव व्हियेगस या पोर्तुगीजाच्या हाताखालचे कारागीर होते; इ. स. १६५९ मध्यें तो काम सोडून गेला. तेव्हां पश्चिमेचा हात आरंभापासूनच होता. शिवाय ऑर्मचें वर्णन महाराजांच्या निधनानंतर ८३ वर्षांनीं छापलेलें आहे. तें जसेंच्या तसें त्यांच्या नौकेस लावणें हाहि कालविपर्यासच. सर्वांत निर्दोष प्रतिकृतीवरहि ‘आंग्रेकालीन’ हीच पट्टी शोभेल.

एका नौकेंत अनेक काळ कसे मिसळतात, याचें मोठें उदाहरण म्हणजे भारतीय नौदलानें मे २०२५ मध्यें कारवार येथें दाखल करून घेतलेली ‘कौंडिण्य’. अजिंठ्याच्या पांचव्या शतकांतील चित्रावरून तिचा आकार घेतला, फळ्या काथ्याच्या दोरीनें शिवल्या. समुद्रांत उतरून परीक्षा देणारें हें काम आदरास पात्र आहे. परंतु तिच्या शिडावर गंडभेरुंड, नाळेवर सिंहव्याल व तक्तपोशीवर हडप्पा पद्धतीचा दगडी नांगर आहे. भेद इतकाच, कीं तो नांगर प्रतीकात्मक आहे हें तेथें उघड सांगितलें गेलें; बाजारी पट्टी तें सांगत नाहीं.

आंबेगांव तालुक्यांतील घोडेगांवावरून भीमाशंकरास जाणाऱ्यांस तेथें पोर्तुगीज घडणीची घंटा दिसते. चिमाजी आप्पांच्या वसईच्या मोहिमेंतून (इ. स. १७३९) ती आली, अशी परंपरा आहे, आणि तिच्यावरील ख्रिस्ती चिन्हें आपल्या मूळाची साक्ष स्वतःच देतात. घंटा हें साधन आहे. काष्ठनौका हें साधनांवरून केलेलें अनुमान आहे. अनुमानास साधनाचा मान देऊं नये. म्हणून संग्राहकांस आमची सूचना अशी, कीं पट्टीवर तीन गोष्टी असाव्या : नौका कोणत्या काळची, आधार कोणता, आणि कोणता भाग शिल्प्याच्या कल्पनेचा. एवढें लिहिल्यानें लाकडाचें मोल घटत नाहीं. उलट, पन्नास वर्षांनीं ती एखाद्या अभ्यासकाच्या हातीं पडली, तर तिच्यावरून तो शिवकालीन आरमाराचीं मापें काढूं लागणार नाहीं.